फटफटीसंबंधीं कांहीं गैरसमज

"सर, गांवांतल्या गांवांत जायला हेल्मेट कशाला?" असा प्रश्न गेल्या सत्रांत दहावीच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारला. वर्गांत गुरुत्वाकर्षणाचा पाठ चालला होता, आणि पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचें उदाहरण म्हणून मी मोटारसायकलवरून पडणाऱ्या माणसाचा उल्लेख केला होता. प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. मुलाला खरोखरच तसें वाटत होतें. त्याच्या वडिलांना तसें वाटतें, चुलत्यांना तसें वाटतें, आणि खरें सांगावयाचें तर चार वर्षांपूर्वींपर्यंत मलाहि तसेंच वाटत असे. त्या दिवशीं घंटा झाल्यामुळें उत्तर अपुरें राहिलें. तें येथें पुरें करावें असा विचार आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीनें ह्या वाहनाला त्याच्या आवाजावरून 'फटफटी' असें गमतीचें नांव दिलें होतें. तेव्हां फटफटी गांवांत एखादीच असे, आणि ती आली म्हणजे पोरें तिच्यामागें धांवत. आज वाघोलींत ज्या घरीं दुचाकी नाहीं असें घर शोधावें लागेल. नगर रस्त्यावरील हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. पण रस्त्यावरची रीत अजून गांवाची व गर्दी मात्र शहराची, अशी आपली स्थिति आहे. दगडाच्या खाणींकडून खडी घेऊन निघालेले डंपर, अहिल्यानगरकडे जाणारे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि ह्या सर्वांच्या फटींतून वाट काढणाऱ्या दुचाक्या, हें दृश्य विद्यार्थी रोज दोनदां पाहतात. तेव्हां ह्या वाहनासंबंधीं आपल्या ज्या समजुती आहेत त्या कितपत खऱ्या, हें तपासून पाहणें कोणासहि निरुपयोगी वाटूं नये.

प्रथम माझी स्वतःची हकीकत सांगतों. चार वर्षांपूर्वीं जूनमध्यें, शाळा नुकती सुरू झाली असतां, मी दुपारीं कांहीं कामानिमित्त गाडी घेऊन निघालों. हेल्मेट नेहमींप्रमाणें कोपरांत अडकविलेलें होतें. केसनंद फाट्यापाशीं पोलीस दिसले तर तें डोक्यावर जाई, एरव्हीं नाहीं. पावसाची एक सर नुकतीच पडून गेली होती. एका वळणावर सांडलेल्या बारीक खडीवरून पुढचें चाक घसरलें आणि मी आडवा झालों. गाडीचा वेग, पाहणारांच्या सांगण्याप्रमाणें, सायकलीहून अधिक नव्हता. 'पाहणारांच्या सांगण्याप्रमाणें' असें म्हणण्याचें कारण, मला त्यांतलें कांहींच आठवत नाहीं. जेवणाच्या सुटीपासूनचा सुमारें दीड तास माझ्या स्मरणांतून कायमचा गेला आहे. कोपरांतल्या हेल्मेटला मात्र ओरखडासुद्धां नव्हता!

ह्या दिवसापूर्वीं मी बावीस वर्षें गाडी चालवीत होतों व एकदांहि पडलों नव्हतों. हाच अनुभव मला घातक झाला. अनुभवासारखा गुरु नाहीं असें आपण म्हणतों. परंतु ह्या विषयांत हा गुरु विश्वासाचा नाहीं. प्रयोगशाळेंत चुकीचा निष्कर्ष काढला तर दुसऱ्या प्रयोगांत तो उघडा पडतो. रस्त्यावर चुकीची समजूत हजार वेळां खरी ठरते, आपण सुखरूप घरीं येतों, आणि दर खेपेस ती समजूत अधिक दृढ होते. पुढें जे गैरसमज सांगावयाचे आहेत ते मूर्खांचे नाहींत. ते अनुभवी लोकांचे आहेत, आणि म्हणूनच ते जात नाहींत.

आंकडे थोडक्यांत देतों. केंद्र सरकारच्या रस्ते-वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरील होतीं. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ अशी त्यांत दिली आहे. हे सर्वच हेल्मेट घातलें असतें तर वांचले असते असें कोणी म्हणूं नये. छातीवरून चाक गेलें तर हेल्मेट काय करणार? पण आंकडा आहे तो असा आहे.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. "हळू जावयाचें आहे, जवळच जावयाचें आहे" ह्या वाक्यांत दोन गैरसमज एकत्र बांधले आहेत. पहिला वेगासंबंधीं. गाडीवर बसलेल्या माणसाचें डोकें जमिनीपासून सुमारें दीड मीटर उंच असतें. गाडी अगदीं उभी असली आणि माणूस कडेला कलंडला, तरी दीड मीटरांवरून पडणारें डोकें जमिनीशीं पोहोंचतें तेव्हां त्याचा वेग ताशीं जवळजवळ २० किलोमीटर झालेला असतो. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. नववीच्या सूत्रानें तें सुटतें. म्हणजे डोक्याला मारणारा हा वेग गाडीचा नसून पृथ्वीच्या आकर्षणाचा आहे, आणि गाडी हळू चालवून तो तिळभरहि कमी होत नाहीं. माझ्या बाबतींत हेंच घडलें. उलट बाजूनें पाहिलें तर ताशीं ३० किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें म्हणजे साडेतीन मीटरांवरून, एखाद्या बैठ्या घराच्या गच्चीवरून, खालीं पडणें. आणि ६० किलोमीटरांनीं आदळणें म्हणजे चौदा मीटरांवरून, चौथ्या मजल्यावरून पडणें होय. वेग दुप्पट झाला कीं उंची चौपट होते. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर उभें राहण्यास जो माणूस भितो, तोच खराडीच्या रस्त्यावर साठाचा वेग 'मध्यम' समजतो.

दुसरा गैरसमज अंतरासंबंधीं. अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील हॅरी हर्ट नांवाच्या संशोधकानें लॉस एंजल्स परिसरांत घडलेल्या ९०० मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली व १९८१ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. तेथील रस्ते आपल्याहून निराळे आहेत हें खरें. तरी त्यांत जें आढळलें तें वाघोलींतील कोणाहि माणसास ओळखीचें वाटेल. बहुतेक अपघात लांबच्या प्रवासांत झालेले नव्हते. दुकानाला जाणें, मित्राकडे जाणें, अशा छोट्या खेपांत व घरून निघाल्यावर थोड्याच वेळांत ते झाले होते. आदळण्याच्या क्षणींचा मध्यवर्ती वेग ताशीं सुमारें ३५ किलोमीटर होता, म्हणजे निम्मे अपघात ह्याहूनहि कमी वेगांत घडले. आणखी एक गोष्ट: अपघातांत सांपडलेल्यांपैकीं शेंकडा ९२ जण कोणत्याहि शिक्षणवर्गास न जातां स्वतःच, किंवा घरच्यांकडून व मित्रांकडून गाडी शिकलेले होते. आपल्याकडे ही मोजणी केली तर काय निघेल, हें मी वाचकांवर सोडतों.

हेल्मेट काम कसें करतें हें नीट कळलें तर पुष्कळसे आक्षेप आपोआप गळून पडतात. बाहेरचें टणक कवच हें त्याचें मर्म नव्हे. मर्म आहे तें आंतल्या थर्मोकोलसारख्या थराचें. क्रिकेटमध्यें वेगानें आलेला चेंडू झेलतांना खेळाडू हात मागें घेतो. चेंडू थोड्या अधिक अंतरांत थांबतो आणि हाताला लागत नाहीं. डांबरावर आपटलेलें उघडें डोकें कांहीं थोड्या मिलिमीटरांत थांबतें. हेल्मेटांतील थर दबत जाऊन तेंच डोकें दोन-अडीच सेंटिमीटरांत थांबवितो. अंतर जितक्या पट वाढलें तितक्या पटीनें आघात कमी झाला. म्हणून "माझें हेल्मेट दोनदां आपटलें तरी फुटलें नाहीं, फार मजबूत आहे" ही बढाई व्यर्थ आहे. एकदां दबलेला थर पुन्हां फुगत नाहीं. मोठा आघात सोसलेलें हेल्मेट बाहेरून कितीहि चांगलें दिसो, तें संपलें असें समजावें. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून विकावयास ठेवलेल्या स्वस्त टोप्यांत पुष्कळदां हा थरच नसतो, पातळ स्पंज असतो. १ जून २०२१ पासून आय.एस. ४१५१ ह्या भारतीय मानकाप्रमाणें न केलेलें हेल्मेट विकणें बेकायदा आहे. घेतांना तो शिक्का पाहावा. आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला नसेल तर सर्वच फुकट! पहिल्या धक्क्याला हेल्मेट एकीकडे जातें व डोकें दुसरीकडे.

"हेल्मेटनें मान मोडते, आवाज ऐकूं येत नाहीं, बाजूचें दिसत नाहीं" हे आक्षेपहि जुनेच आहेत. हर्ट ह्यांच्या पाहणींत एकाहि अपघाताचें कारण हेल्मेट असल्याचें आढळलें नाहीं, आणि हेल्मेटधारकांत मानेच्या दुखापती अधिक नव्हत्या, उलट कमी होत्या. कॉक्रेन ह्या वैद्यकीय संस्थेनें २००८ सालीं निरनिराळ्या देशांतील ६१ संशोधनें एकत्र तपासलीं. त्यांवरून हेल्मेटमुळें मृत्यूचा संभव शेंकडा ४२ नें व डोक्याच्या दुखापतीचा शेंकडा ६९ नें कमी होतो असा अंदाज निघाला. उकडतें, हें मात्र खरें आहे. एप्रिल-मे महिन्यांत फार उकडतें, आणि त्यावर माझ्यापाशीं उपाय नाहीं.

ह्या वस्तूचा इतिहासहि मोठा उद्बोधक आहे. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स पुढें नांव बदलून विमानदलांत साधा सैनिक म्हणून राहिला. १९२७-२८ सालीं तो कराची व सरहद्दीवरील मीरनशाह येथें होता. त्याला मोटारसायकलींचें वेड होतें. १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत आपल्या घराजवळच्या डाकघरांतून एक तार करून परत येत असतां, सायकलवरील दोन मुलांस चुकविण्याच्या प्रयत्नांत तो फेंकला गेला आणि डोक्याच्या दुखापतीनें सहा दिवसांनीं मरण पावला. येथेंहि पाहा, खेप जवळचीच होती. त्याच्यावर उपचार करण्यास बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. तो मृत्यु त्यांच्या मनास लागला. पुढें युद्धांत लष्करी निरोप्यांच्या डोक्याच्या दुखापती त्यांनीं पद्धतशीर अभ्यासिल्या आणि १९४१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना अवघे सात मिळाले, आणि त्या सातांपैकीं एकहि दगावला नव्हता. त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचें केलें. सामान्य नागरिकांवर मात्र ही सक्ति तेथें १९७३ सालीं झाली. बत्तीस वर्षें! तेव्हां १ जानेवारी २०१९ पासून पुण्यांत पोलिसांनीं हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू केली असतां येथें विरोधाच्या फेऱ्या निघाल्या, ह्यांत पुणेकरांनींच कांहीं जगावेगळें केलें असें नाहीं.

आतां ब्रेकासंबंधीं. "पुढचा ब्रेक लावूं नये, माणूस उलटा फेंकला जातो" हा उपदेश बहुधा प्रत्येकास गाडी शिकतांना मिळालेला असतो. सायकलवरून आपण तो आणला आहे. पी.एम.पी.च्या बसमध्यें उभें राहून प्रवास करणारा जाणतो कीं, ब्रेक लागला म्हणजे सर्व उतारू पुढें झुकतात. गाडीचेंहि तसेंच होतें: भार पुढच्या चाकावर येतो व मागचें चाक हलकें होतें. हलक्या चाकाची रस्त्यावरील पकड कमी, म्हणून नुसता मागचा ब्रेक दाबला तर तें चाक अडकून घसरतें आणि गाडी थांबत नाहीं. हर्ट ह्यांना हीच चूक वारंवार आढळली. मागचें चाक फरफटत नेलेलें, आणि पुढचा ब्रेक पुरता वापरलेलाच नाहीं. बरोबर रीत म्हणजे दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा क्रमाक्रमानें घट्ट करीत, हँडल सरळ ठेवून. खडीवर किंवा वळणांत मात्र पुढचा ब्रेक झटक्यानें दाबणें म्हणजे माझी गति करून घेणें होय. तेथें ब्रेक वळणाच्या आधींच लावून मोकळा व्हावयास पाहिजे. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या नव्या गाड्यांना चाक अडकूं न देणारी 'ए.बी.एस.' योजना आवश्यक झाली आहे, व लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची. ह्या योजना चांगल्या आहेत, पण ओल्या रस्त्याला त्या कोरडा करीत नाहींत. जूनचा पहिला पाऊस सर्वांत वाईट, कारण उन्हाळाभर सांचलेलें तेल व धूळ ह्यांचा त्यानें चिखल होतो. चांगला जोराचा पाऊस होऊन तो वाहून गेला म्हणजे रस्ता पुष्कळ बरा होतो.

समोर संकट दिसल्यास गाडी मुद्दाम आडवी टाकावी, असें सांगणारे शूरहि भेटतात. धातु डांबरावर घसरतो, रबर धरून ठेवतें. चाकांवर असलेली गाडी आडव्या गाडीपेक्षां लवकर थांबते. बहुधा चुकून घसरल्यावर "मी मुद्दाम आडवी टाकली" असें सांगण्यांत येतें, असा मला संशय आहे.

आणि थांबण्यास लागणारें अंतर! कोरड्या रस्त्यावर, चांगले ब्रेक असतां, संकट दिसल्यापासून हात हलेपर्यंत एक सेकंद धरला, तर ताशीं ३० वेगाच्या गाडीला सुमारें १४ मीटर लागतात व ६० च्या गाडीला सुमारें ४०. आमच्या रस्त्यावर डंपरच्या मागें जें अंतर ठेवण्यांत येतें, तें चार मीटर असलें तरी पुष्कळ.

डंपरवरून आठवलें. "मला डंपर दिसतो, म्हणजे डंपरवाल्याला मी दिसत असलोंच पाहिजे" ही समजूत वाघोलींत सर्वांत धोक्याची मानावी. चालक उजव्या अंगाला उंचावर बसतो. त्याच्या केबिनीच्या अगदीं समोरची व डाव्या बाजूची कित्येक फूट जागा त्याला दिसतच नाहीं, आणि नेमकी तीच जागा मोकळी दिसल्यामुळें दुचाकीवाला तींत शिरतो. शिवाय असें अवजड वाहन डावीकडे वळूं लागलें म्हणजे त्याचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या मार्गानें जात नाहींत. तीं आंतल्या बाजूस कापीत येतात. सोपी कसोटी अशी: त्याच्या आरशांत जर तुम्हांला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाहि तुम्ही दिसत नाहीं. हर्ट ह्यांच्या अहवालांतहि दुसऱ्या वाहनाशीं झालेल्या बहुतेक टकरींचें मूळ हेंच होतें, कीं मोटारवाल्याला मोटारसायकल दिसलीच नाहीं, किंवा दिसली तेव्हां फार उशीर झाला होता.

ह्याच कारणास्तव १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडील नव्या दुचाक्यांचे दिवे दिवसाहि आपोआप लागलेले राहतात. तरीसुद्धां समोरून येणारे सज्जन बोटें मिटून-उघडून "दिवा चालू राहिला आहे" अशी खूण करितात! त्यांच्या आस्थेबद्दल आभार मानून पुढें जावें. बुलेटचा सायलेन्सर बदलून मोठा आवाज केला म्हणजे लोक सावध होतात, हें मात्र खोटें. सायलेन्सरचें तोंड मागें असतें आणि धोका बहुधा पुढें. सावध होतात ते आपले शेजारी, आणि ते मनांत काय म्हणतात तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

मागें बसणारांविषयीं मला विशेष लिहावेसें वाटतें. वर सांगितलेल्या ५०,०२९ मृतांत १४,३३७ जण मागें बसलेले होते. कायद्यानें, म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें, हेल्मेट दोघांनाहि सारखेंच आवश्यक आहे. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. तरी नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट व मागें एका अंगानें बसलेल्या पत्नीच्या डोक्यावर केवळ पदर, हें दृश्य आपल्याला खटकतहि नाहीं. तो पदर किंवा ओढणी मागच्या चाकांत गुंतली म्हणजे काय होतें तें ज्यानें पाहिलें आहे तो विसरत नाहीं. चाकावरील जाळी, धरावयाची मूठ व पाय ठेवावयाची पायरी ह्या तिन्ही वस्तु नियमानेंच गाडीला असावयाच्या असतात. पुष्कळ तरुण जाळी 'शोभत नाहीं' म्हणून काढून टाकतात. लहान मुलाला पुढें टाकीवर बसविलें म्हणजे तें आपल्या हातांच्या कवेंत सुरक्षित राहतें, असाहि प्रेमळ गैरसमज आहे. माझी मुलगी वयाच्या पांचव्या वर्षापर्यंत तशीच बसून माझ्याबरोबर बाजारांत येत असे. टक्कर झाली असतां तें मूल हँडल आणि बापाचें वजन ह्यांच्यामध्यें सांपडतें, हें गणित मी त्या काळीं मांडून पाहिलें नव्हतें. चार वर्षांखालील मुलाला बांधून ठेवणारा पट्टा, त्याच्या मापाचें हेल्मेट व ताशीं ४० ची वेगमर्यादा, असा नियम २०२२ सालीं झाला असून तो पुढील वर्षापासून अमलांत आला आहे.

विद्यार्थ्यांपैकीं जे "गियरची नाहीं, स्कूटरच आहे" असें म्हणून घरची गाडी बाहेर काढितात, त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, सोळाव्या वर्षीं मिळणारा परवाना ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीपुरताच असतो. घरोघरच्या स्कूटर ११० किंवा १२५ च्या असतात, व त्यांस अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलाच्या गुन्ह्यास पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. पालक-सभेंत हें सांगितलें असतां पुष्कळांस तें नवीन होतें.

राहतां राहिला अपघात झाल्यानंतरचा गैरसमज. जमलेले लोक जखमीला उठवून बसवितात, तोंडांत पाणी ओततात, हेल्मेट ओढून काढतात, आणि मग रिक्षांत दुमडून घालतात. हेतु चांगला, परंतु शुद्धीवर नसलेल्याच्या घशांतलें पाणी श्वासनलिकेंत उतरतें, आणि मणक्याला इजा झाली असेल तर ओढाताणीनें ती वाढते. श्वास चालला असेल तर त्याला न हलवितां तसेंच ठेवावें, वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ फडकें दाबून धरावें, व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. हेल्मेट काढणें श्वास अडकल्याखेरीज टाळावें, आणि काढणें भागच पडलें तर एकानें मान दोन्ही हातांनीं स्थिर धरून दुसऱ्यानें हळूहळू काढावें. "मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल" ही भीतिहि आतां निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक ठरविले, आणि २०१९ सालीं कायद्यांत १३४-अ हें कलम त्यासाठींच घालण्यांत आलें. नांव सांगण्याचीहि सक्ति त्याच्यावर नाहीं.

मी पडलों तेव्हां रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या एक बाई माझ्यापाशीं येऊन बसल्या, असें मला मागाहून कळलें. कोणी तरी पाण्याचा तांब्या आणला होता. त्यांनीं तो परत पाठविला. पदर दुमडून त्यांनीं तो माझ्या कपाळावर दाबून धरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कोणालाहि मला हलवूं दिलें नाहीं. बरा झाल्यावर दोनतीनदां त्या वळणावर जाऊन मी चौकशी केली. पावसाळ्यांत तेथें भाजीची गाडी लागत नाहीं असें कळलें, आणि दिवाळीनंतर गेलों तेव्हां त्या जागीं दुसऱ्याच बाई बसल्या होत्या.